लामेखच्या पायातला काटा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा जगात माणसं थोडी होती आणि जमीन अफाट होती. तरीही माणसं भांडत होतीच. भांडायला जागा कमी पडावी लागते, असं थोडंच आहे?

एदेनच्या पूर्वेला, नोद नावाच्या मुलखात, लामेख नावाचा एक नायक राहत होता. तो काइनच्या वंशातला. ज्याने सख्ख्या भावाला शेतात नेऊन मारलं, तोच तो काइन. देवाने काइनला हाकलून दिलं, पण जाताना त्याच्या अंगावर एक खूण केली आणि बजावलं, "याला कोणी मारलं, तर सातपट सूड घेतला जाईल." रक्तपात तिथेच थांबावा म्हणून देव तसं बोलला होता. पण काइनच्या वंशजांना त्यातलं थांबणं काही आठवत नव्हतं. सातपट तेवढं तोंडपाठ होतं.

लामेखला दोन बायका होत्या. थोरली आदा आणि धाकटी सिल्ला. सिल्लाचा मुलगा तुबल लोहारकाम करायचा. पाती घडवण्यात त्याचा हात धरणारा त्या मुलखात कोणी नव्हता.

एके दुपारी आदा तंबूपुढे पीठ मळत होती. तेवढ्यात लामेख आला. त्याच्या कपाळावर रक्ताची बारीक रेघ होती आणि हातातलं नवं पातं मुठीपर्यंत लाल होतं.

"आदा, सिल्ला, बाहेर या!" तो गरजला. "नीट कान देऊन ऐका. झऱ्यावर एका पोरानं मला दगड मारला. मी त्याला जागच्या जागी आडवा केला. काइनसाठी सातपट ना? मग लामेखसाठी सत्याहत्तरपट! माझ्या अंगाला जो इजा करील, त्याच्या कुळातली सत्याहत्तर माणसं मरतील. सांगून टाका सगळ्यांना."

सिल्लाने आपल्या लेकाने घडवलेल्या पात्याकडे कौतुकाने पाहिलं. आदाने पाणी आणि फडकं आणलं. ती त्याचं कपाळ पुसू लागली. तान्ह्या मुलाचं नख लागावं, एवढाच तो ओरखडा होता.

"कोणाचा पोरगा होता, धनी?"

"पलीकडच्या वस्तीतला. मेंढरं पाजायला आला होता."

"मग दगड कशाला मारला त्यानं?"

"मी त्याची मेंढरं हाकलली म्हणून."

"झऱ्याला पाणी कमी होतं का?"

"पाण्याला काय तोटा! पण मी उभा असताना तो पुढं घुसला."

आदाने फडकं पिळलं. "सातपट हा देवाचा शब्द होता, धनी. तुम्ही आपणच आपल्याला कसा देता?"

"देव सातावर थांबला," लामेख हसला, "मी कशाला थांबू?"

बातमी वाऱ्यासारखी पसरली. लामेख झऱ्यावर गेला, की झरा ओस पडू लागला. तो वाटेने निघाला, की समोरची माणसं रान तुडवत लांबून जाऊ लागली. सुरुवातीला त्याची छाती फुगली.

मग केस कापणाऱ्याने वस्ती सोडली, न जाणो हात चुकायचा. सणाला कोणी त्याला मिठी मारीना. त्याची नातवंडं खेळायला गेली, की शेजारच्या आया आपापली पोरं ओढून आत नेत; खेळता खेळता यांच्यातल्या एखाद्याचा गुडघा फुटला, तर कोणाला जाब द्यायचा? नातवंडं एकटीच धुळीत रेघोट्या ओढत बसत.

"बघ, केवढा मान आहे आपल्या घराला," लामेख म्हणाला.

"मान नाही, धनी," आदा म्हणाली, "साप दिसला तरी लोक असेच बाजूला होतात."

एकदा शिकारीत लामेखच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. त्याने तिकडे लक्ष दिलं नाही. पाय सुजला, मग ठणकू लागला, मग काळानिळा पडला. तापाने अंग भाजू लागलं.

पलीकडच्या वस्तीत झाडपाल्याचं औषध देणारी एक म्हातारी होती. आदा तिच्याकडे धावत गेली. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं.

"चिरा द्यावा लागेल," ती म्हणाली. "पू निघाला तर जगेल. पण चिरा दिला, की रक्त येणार. आणि नाहीच वाचला तर? माझ्या लेकी, जावई, नातवंडं, या वस्तीतली सगळी माझ्याच कुळातली आहेत."

"कोणी काही करणार नाही. माझा शब्द घ्या."

"तुझा शब्द चालत नाही गं पोरी, त्याचा चालतो. झऱ्यावर चार माणसांदेखत त्याला म्हणू दे, की ती शपथ मी मागे घेतली. मी त्याच पावली येते. सुरी घासूनच ठेवते."

आदाने परत येऊन नवऱ्याला हात जोडले. "खाटेवर घालून नेऊ तुम्हाला. दोन शब्द बोलायचे आहेत फक्त."

"मागं घेऊ?" लामेख कसाबसा उठून बसला. "ज्या दिवशी मागं घेईन, त्या दिवशी माझा मुडदा पडेल. किती जण टपून बसलेत, तुला काय ठाऊक!"

आदाने त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि तिला कळून चुकलं. सारा मुलूख लामेखला भीत होता, पण लामेखइतकं भ्यालेलं त्या मुलखात कोणीच नव्हतं.

शेवटी तिने स्वतःच सुरी घेतली. टोक टाचेला लागलं मात्र, लामेखने डोळे उघडले. तापाच्या भ्रमात त्याला बायको दिसली नाही, नुसतं पातं दिसलं. त्याने जीव खाऊन लाथ मारली. आदा लांब जाऊन पडली, तिचा पुढचा दात तुटला. मग तिने पुन्हा सुरी उचलली नाही.

लामेख मेला. खांदा द्यायला बाहेरचं कोणी आलं नाही. मेलेल्यालाही हात लावायची लोकांची छाती होईना.

माती देऊन आल्यावर तुबल पाती बाहेर काढू लागला.

"हे काय करतोस?" आदाने विचारलं.

"सत्याहत्तर, मोठी आई. बापाचा शब्द आहे."

"अरे, पण कोणाच्या कुळातली? त्याला काट्यानं मारलं!"

"ती म्हातारी आली असती तर तो वाचला असता. ती आली नाही. म्हणजे तिनंच मारलं."

"ती यायला तयार होती रे. यांनीच नाही म्हटलं."

तुबलने मान वर केली नाही. "शब्द पाळला नाही, तर उद्या आपल्याला कोण भिईल?"

आदाने त्याचं मनगट घट्ट धरलं. त्याने तिची बोटं एकेक करून सोडवली, अगदी हळुवारपणे, आणि भावांना घेऊन निघून गेला.

संध्याकाळपर्यंत पलीकडच्या वस्तीतून धूर वर येत राहिला. गेले होते त्यातले थोडेच परत आले. त्या वस्तीतून जे पळून वाचले, त्यांनीही डोंगरात जाऊन शपथ घेतली, आणि त्यांचा आकडा सत्याहत्तरहून मोठा होता. आदाने नातवंडांना तंबूत घेतलं आणि दाराचे पट्टे आवळून बांधले. कातड्याचा तंबू कोणाला अडवणार नाही, हे तिला कळत होतं. तरी तिने गाठी मारल्या.

पुढे पृथ्वी हिंसेने इतकी भरली, की माणूस घडवल्याचं देवालाही दुःख झालं, असं सांगतात. आदाला त्याचं नवल वाटलं नसतं.

लहानथोरांनो, बोध एवढाच: सुडाच्या धाकावर जो जगतो, त्याला वाचवायला कोणाचा हात पुढे येत नाही, आणि त्या धाकाची किंमत त्याची लेकरं मोजतात.