माहेरी आलेली मासोळी

हळू रे, हळू. पलीकडच्या खोलीत वैजूआत्या आत्ताच आडवी झालीय. दिवसभर पाय सुजलेत पोरीचे. धनेश, गोधडी एकट्याने ओढू नकोस, पालवीला दे थोडी. आणि जेवताना ताटात सुकट बघून नाक मुरडलंस ना, ते पाहिलंय मी. म्हातारी झाले म्हणून काही आंधळी नाही झाले. ताजी मासळी हवी होती म्हणे साहेबांना. आता ऐक.

एक होता राजा. खाडीच्या तोंडाशी त्याचं राज्य. इकडे खाडी, तिकडे दर्या, मध्ये वाळूवर राजाचा वाडा. राजा मनाने चांगला, पण उतावळा. आणि राणीवर त्याचा फार जीव. लग्नाला कितीतरी वर्षं झाली, तरी पाळणा हलला नव्हता. मग एकदाचे राणीला दिवस गेले. राजा इतका हरखला की येईल जाईल त्याला साखर वाटत सुटला.

आठवा महिना लागला आणि राणीला डोहाळे लागले. कशाचे, सांगा? चिंचेचे नव्हे. कैरीचे नव्हे. गाबोळीचे. गाबोळी म्हणजे मासळीच्या पोटातली अंडी, बरं का. तिखटमीठ लावायचं, रव्यात घोळायचं आणि तव्यावर सोडायचं. हो, मला ठाऊक आहे कशी लागते. मुकाट ऐक.

राजाने नाखव्याला बोलावलं. नाखवा म्हणजे होडीचा मालक, गावातल्या सगळ्या कोळ्यांचा म्होरक्या. पदाजी त्याचं नाव. राजा म्हणाला, "गाबोळी आण."

पदाजी म्हणाला, "महाराज, आषाढ लागलाय. होड्या वर ओढून शाकारून ठेवल्यात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय आम्ही होडी लोटत नाही."

"नारळ दिला की लोटता ना?"

"लोटतो."

"मग उद्या नारळी पौर्णिमा," राजा म्हणाला.

आता पौर्णिमा काय राजाच्या खिशात असते? आकाशात चंद्राची नुसती कोर होती. पण उतावळ्याला कोण सांगणार? त्याने सोनार बसवले. परातीहून मोठा चांदीचा चंद्र घडवून घेतला आणि बंदरावरच्या उंच डोलकाठीला टांगला. मग वाजतगाजत सगळे किनाऱ्यावर गेले. राजाने सोन्याचा वर्ख लावलेला नारळ पाण्यात सोडला. चांदीचा चंद्र वर लखलखत होता. पण खऱ्या पौर्णिमेला उधाण येतं की नाही? त्या दिवशी पाणी होतं तिथेच राहिलं. दर्याने त्या चंद्राकडे ढुंकूनही बघितलं नाही.

आणि नारळ? नारळ गेला चार हात आत, वळला, आणि आला परत राजाच्या पायाशी.

"वारा उलटा आहे," राजा म्हणाला. पदाजीला कळत होतं, पण राजापुढे बोलणार कोण? आणि खरं सांगू का, घरी बसून बसून त्याचेही हात शिवशिवत होते. होड्या लोटल्या. खाडीच्या तोंडाशीच जाळी भरली. एकेक मासोळी पोटाने अशी टम्म. त्या दिवशी राणीच्याच ताटात नाही, गावातल्या घरोघरच्या तव्यावर गाबोळी चरचरली. कोणी म्हणून नको म्हटलं नाही.

राणीने पोटभर खाल्लं. पण डोहाळा काही फिटला नाही. उलट वाढला. आणि एक गोष्ट झाली. तिच्या पोटातलं बाळ दिवसभर कसं नाचायचं, ते त्या दिवसापासून गप्प गप्प राहायला लागलं. झोपलं असेल, राणी म्हणाली.

मग राजाने पुन्हा नारळ सोडला. पुन्हा नारळ परत आला. हलवून बघितला तर आत पाणी नाही, खडखडाट. होड्या गेल्या, पण जाळी अर्धीच भरली. मोठी मासळी थोडी, बाकी सगळी बोटाएवढी पिल्लं. तीही आणली त्यांनी. एवढ्याशा जिवांचं काय करायचं? पण हाताला सवय लागली की लागली. राणीने खाल्लं, डोहाळा वाढला, आणि बाळ त्या दिवशी एकदाच हललं.

मग राजाने तिसरा नारळ सोडला. तो आला तो फुटूनच आला. आत खोबरंही नाही, नुसती करवंटी. तरी होड्या गेल्या. सांजेपर्यंत फिरल्या. खाडी अशी रिकामी पदाजीने जन्मात पाहिली नव्हती. शेवटी जाळ्यात एकच मासोळी आली. रावसाच्या जातीची, थोरली, सोन्यासारख्या पिवळ्या अंगाची आणि पोटाने जडावलेली. राणीला ताजीच हवी, म्हणून तांब्याच्या घंगाळात पाणी घालून जिवंत आणली.

आणि त्या दिवशी राणीचं बाळ सकाळपासून हललंच नव्हतं. राणीने गोड खाऊन बघितलं, कुशीवर निजून बघितलं. पोटावर हात ठेवून हाका मारल्या. काही नाही. राणी घाबरली, फार घाबरली. कोणाला सांगायची तिला छाती होईना. तिला वाटलं, डोहाळा पुरा झाला नाही म्हणूनच हे. आता ही गाबोळी खाल्ली की बाळ हलेल. म्हणून ती स्वतःच उठून स्वयंपाकघरात गेली. स्वयंपाकीणबाई विळी मांडून बसली होती. राणीने घंगाळात वाकून बघितलं.

मासोळीने पाण्यातून तोंड वर काढलं आणि विचारलं, "कितवा गं?"

बायका विचारतात ना एकमेकींना, अगदी तस्सं. परवा एस्टीत वैजूआत्याला शेजारच्या बाईने विचारलं, तसं. राणीच्या तोंडून आपसूक उत्तर गेलं, "आठवा. तुझा?"

"माझे दिवस भरलेत," मासोळी म्हणाली. "पाऊस पडला की खाडीचं पाणी गोडसर होतं. मग आम्ही सगळ्या इकडे येतो. आमच्या आया इथेच यायच्या, त्यांच्या आया इथेच. खाडी आमचं माहेर. बाळंतपणाला माहेरी नाही यायचं तर कुठे जायचं? यंदा माझ्या सगळ्या बहिणी आल्या होत्या. आता मी एकटीच उरले."

राणी मटकन खाली बसली. बहिणी कुठे गेल्या ते तिला ठाऊक होतं. तिच्याच ताटात गेल्या होत्या. तिला इतकं रडू आलं, इतकं रडू आलं की स्वयंपाकीणबाईने विळी मिटून टाकली.

मग राणी उठली. घंगाळ उचललं आणि पावसात निघाली. दिवस भरत आलेली बाई, हातात पाण्याने भरलेलं घंगाळ. मागून राजा इरलं घेऊन धावतोय, "अगं, कुठे? अगं, पडशील." राणी थांबली नाही. खाडीच्या काठाशी गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि राजाला म्हणाली, "तांदूळ आणा. हळदकुंकू आणा. एक नारळ आणा, चांगला, पाण्याचा."

राजाने स्वतः आणलं सगळं.

राणी म्हणाली, "नारळ परत का येतो, ते कळलं का तुम्हाला? आपण नारळ देतो ती माहेरी आलेल्या ह्या लेकींची ओटी असते. आणि आपण काय केलं? ओटी भरली आणि जिची भरली तिचंच पोट चिरलं. कुठली आई घेईल असला नारळ?"

राजाची मान खाली गेली. काठावर पदाजी उभा होता, त्याचीही गेली. सगळ्या गावाचीच गेली, कारण तवे सगळ्यांचेच होते.

राणीने मासोळीला हळद लावली, कुंकू लावलं, खाडीत तांदूळ सोडले, नारळ सोडला. म्हणाली, "बाई, नीट बाळंत हो. तुझी पोरं मोठी होऊन दर्यावर जाईपर्यंत आम्ही सुकट खाऊ, वालाची उसळ खाऊ. काही मरत नाही आम्ही." आणि घंगाळ तिरपं केलं. मासोळी सुळकन निसटली. नारळ तिच्या मागे मागे गेला, गेला, आणि दिसेनासा झाला. ह्या वेळी परत नाही आला.

आणि तिथेच, गुडघाभर पाण्यात, राणीच्या पोटात बाळाने अशी ढुशी मारली की तिने राजाचा दंड धरला. हसतेय पण आणि रडतेय पण.

पुढे खरी नारळी पौर्णिमा आली. दर्याला उधाण आलं. त्याच दिवशी राणीला मुलगी झाली. चांदीचा चंद्र राजाने खाली उतरवला आणि वितळवून लेकीचे वाळे केले. उरलेल्या चांदीचं काय केलं म्हणतोस, धनेश? मला काय माहीत. मी काय सोनारीण आहे?

मासळी मात्र लगेच आली नाही हं. जे खाऊन टाकलं ते टाकलं. त्या वर्षी होड्या जवळजवळ रिकाम्याच यायच्या. लोकांनी सोसलं. पदाजीने सगळ्यांना बसवून जाळी नव्याने विणून घेतली, भोकं एवढी मोठी की पिल्लू सहज निसटून जावं. राणी बाजारात जायची तेव्हा मासळी उलटून पालटून बघायची. पोटाची असेल तर नको, पिल्लू असेल तर नको. चांगली वाढलेली, हंगामाची, तेवढीच घ्यायची. तिचं बघून साऱ्या बायका तशाच घ्यायला लागल्या. आणि मग एका पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी पाणी पुन्हा पिवळं पिवळं चमकलं. लेकी माहेरी आल्या होत्या. काठावरून सगळ्यांनी बघितलं आणि घरी जाऊन सुकट खाल्ली.

राजा सुखी, राणी सुखी, वाळे घातलेली राजकन्या वाळूत धावायला लागली.

पालवी झोपली वाटतं. धनेश, तू पण मीट डोळे. काय म्हणतोस? उद्या पण सुकटच? हो, उद्या पण. पौर्णिमेला दर्यात नारळ पडेपर्यंत. आणि सकाळी उठून आरडाओरडा करायचा नाही हं. आत्या आपल्या घरी आलीय, निवांत झोपू दे तिला. तिकडे खाडीतही कोणीतरी आलीय आपल्या घरी. तिलाही झोपू दे.