अढळ बैठकीची शाल

एका नगरीत सोनाजी नावाचा एक लेखनिक होता. राजाच्या लेखनशाळेत तो जुन्या पोथ्या उतरवून काढी. अक्षर असं सुरेख की पाहत राहावं. पण सगळे त्याला चुळबुळ्या म्हणत. बाकीचे मांडी ठोकून, पोथीला नाक लावून दिवसभर बसत. हा पठ्ठ्या मात्र पोथी उंच चौरंगावर ठेवी, पाठीला तक्क्या घेई आणि पान संपलं की अंगणात एक फेरी मारून येई. त्याच्या गुरूंची मान म्हातारपणी वरच होईना; दारी आलेल्या माणसाचे त्यांना नुसते पाय दिसत. ते पाहून सोनाजीनं ही सवय लावून घेतली होती. लोक हसले की तोही हसे, पण उठायचा तो उठायचाच.

दर वसंतपंचमीला राजा लेखनशाळेत येऊन बसे. त्याच्यासमोर जो दिवसभर तसूभरही हलणार नाही, त्याला अढळ बैठकीची शाल मिळे. त्या वर्षी मुख्य लेखनिक भास्करपंतांनी आधीच बजावलं, "सोनाजी, महाराजांपुढे उठलास, तर उद्यापासून येऊ नकोस."

लिहिण्यावाचून सोनाजीला दुसरं काही येत नव्हतं. तरी वसंतपंचमीला राजासमोर पहिलं पान संपलं आणि तो उठलाच. धन्य आहे त्याची!

राजाच्या कपाळावर आठी पडली. "आमच्यापुढे बसवत नाही का रे तुला?"

"बसवतं, महाराज. पण अजून पुष्कळ वर्षं बसायचंय, म्हणून उठतो."

मानासाठी राजाही दिवसभर न हलता बसून राहिला. संध्याकाळी शाल द्यायला उठला, तर पायांना मुंग्या आलेल्या. तो कोलमडला. सगळे लेखनिक धावायला गेले, पण कुणाचा गुडघा सुटेना, कुणाची कंबर धरलेली. भास्करपंत तर बसल्या जागीच कलंडले. एकटा सोनाजी झटकन उठला आणि त्यानं राजाला सावरलं.

त्याच्या खांद्याचा आधार घेत राजा म्हणाला, "सगळेच अढळ असते, तर आज माझे दात पडले असते."

शाल सोनाजीच्या अंगावर पडली. दुसऱ्या दिवसापासून पान संपलं की सारी लेखनशाळा अंगणात उतरू लागली, आणि भास्करपंत सर्वांच्या पुढे.

तात्पर्य: अढळ राहणं ध्रुवताऱ्याला शोभतं, माणसानं ताठ बसावं, आणि काम टिकवायचं असेल तर अधूनमधून उठावं.