सगळं थंड आहे

फार जुनी गोष्ट नाही, रणगाड्यांना नुकतेच विजेचे डोळे बसवले होते तेव्हाची. एका रणगाड्यावर उष्णता टिपणारा नवा कॅमेरा होता आणि शेजारी बाहेर बघायची साधी काच. कॅमेरा काचेला मोजत नसे.

वाळवंटात भर दुपारी सुभेदार खिलाऱ्यांनी विचारलं, "टेकाडाजवळच्या झुडपात काय आहे?"

"सगळं थंड आहे," कॅमेरा म्हणाला. "चला पुढं."

"थांबा," काच म्हणाली. "तिथं चिमण्या पाणी प्यायल्यासारख्या चोची मारतायत."

"आता चिमण्यांना विचारून लढायचं?" कॅमेरा हसला.

खिलाऱ्यांनी गाडी थांबवली आणि झाकण उघडून डोकं बाहेर काढलं. लोखंडाला लागून हात पोळला. झुडपाकडे बघत ते पुटपुटले, "इथं दगड भाजतायत, आणि तिथं थंड?"

त्यांनी गोळा डागायला सांगितला. फांद्या उडाल्या. खाली ओल्या गोणपाटांत गुंडाळलेला शत्रूचा रणगाडा होता, तोफ यांच्यावरच रोखलेली, पण आता निकामी.

"मी खोटं बोललो नव्हतो," कॅमेरा कुरकुरला.

त्याला कुणी खोटा म्हटलंही नाही. फक्त तेव्हापासून तो 'सगळं थंड आहे' म्हणाला, की खिलारे आधी झाकणाच्या लोखंडाला हात लावून बघतात.