जोडावरचा ठसा

“पण उस्ताद, सकाळीच तर शेकलेत ना हे रॉड? परत कशाला?”

बाबालाल उस्ताद भट्टीकडे वळले. चहाच्या वेळात उघड्यावर राहिलेले वेल्डिंगचे रॉड त्यांनी गोळा केले आणि पुन्हा भट्टीत ठेवले.

दिगंबर मनातून वैतागला. साखर कारखान्याचा हंगाम तोंडावर आलेला, बॉयलरच्या नळ्यांचे जोड अजून बाकी... आणि म्हातारा रॉड शेकत बसलाय. रॉड शेकायचे, नळी तापवायची, तिच्यावर ताप मोजायचा खडू फिरवायचा, तो वितळला तरच वेल्डिंगला हात घालायचा. उभा जन्म याच कामात गेलेला माणूस, पण यातली एक पायरी गाळेल तर शपथ. दिगंबरला याचं नवल कमी वाटे आणि चीडच जास्त येई.

त्याला हवा होता ठसा. जोड ज्याने घातला त्याने आपला आकडा जोडाशेजारी ठोकायचा, अशी बॉयलरच्या कामाची रीत. ज्याच्या हाती ठसा तो वेल्डर, बाकीचे नुसते मदतनीस. दिगंबरच्या आकड्याचा ठसा तयार होऊन उस्तादांच्या खिशात पडला होता, आणि ते काही तो देत नव्हते.

दुपारी उस्ताद नमाजाला गेले. दिगंबरने थेट खोक्यातले रॉड उचलले आणि खडूबिडूच्या भानगडीत न पडता उस्तादांच्या जोडाशेजारीच आपला जोड घातला. जोड असा देखणा उतरला की गडी स्वतःवरच खूश झाला.

उस्तादांनी परत येऊन जोडावरून नजर फिरवली.

“रॉड कुठले?”

“खोक्यातले... पण बघा तर, हात कसा चाललाय.”

“हात चांगलाच आहे तुझा.”

त्यांनी खिशातून ठसा काढून त्याच्या तळहातावर ठेवला. मग कोपऱ्यातलं स्टूल ओढून बरोबर जोडाखाली मांडलं. बॉयलरचा आगवाला खंडू हंगामभर याच स्टुलावर तिथंच बसायचा, डबाही तिथंच खायचा.

“मार ठसा.”

दिगंबरने हातोडा उचलला...

ओल धरलेल्या रॉडचा जोड वरून धड दिसतो आणि मागाहून आतून चिरतो, हे उस्तादांनीच त्याला शिकवलं होतं. स्टुलाकडे बघता बघता त्याने हातोडा न मारताच खाली ठेवला. त्याला लाज वाटली. ठसा त्याने मुकाट्याने परत दिला आणि ग्राइंडर लावून आपला देखणा जोड कापून काढला.

मग रॉड शेकले. नळी तापवली. खडू वितळेपर्यंत थांबला, मगच जोड घातला.

संध्याकाळी जोड निवला तेव्हा दिगंबर त्याच्याकडे बघतच राहिला. उस्तादांचा जोड आणि त्याचा, दोन्ही अजून बिनठशाचे आणि अगदी सारखे. त्याला जरा वाईटच वाटलं.

“उस्ताद, यातला माझा कुठला... तेच कळंना झालंय.”

उस्तादांनी ठसा पुढे केला.

“आता मार.”