खिटी खिशात

"आणि ह्याला दात किती पाडलास?"

"दोनशे, मिस्त्री."

"मोजलास?"

"तीनदा."

"तीनदा कशाला? पहिल्यांदा चुकलास काय?"

अभिनंदन चौगुले रिकाम्या पिशवीची घडी घालू लागला. कासम मिस्त्रींना उत्तर द्यायचं म्हणजे आपणच पुढच्या प्रश्नाला आमंत्रण द्यायचं, हे त्याला आधीपासून ठाऊक होतं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात कासम मिस्त्री मुल्लाणींचं एका शटरचं वर्कशॉप आहे. आत दोनच यंत्रं, एक लेथ आणि एक ग्राइंडिंग मशीन. दोन्ही मिस्त्रींच्या लग्नाआधीची. फिरत्या दगडावर लोखंड घासून ते केसाहून बारीक मापाला आणून सोडायचं, या कामात मिस्त्रींचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नाही.

अभिनंदनने त्यांच्या हाताखाली दोन वर्षं काढली. मग तो पुण्याला गेला, मोठ्या कंपनीत टाय लावून बसला. आणि सहा महिन्यांपूर्वी नोकरीला लाथ मारून परत आला. का, तर त्याच्या डोक्यात एक चाक फिरत होतं.

तेच चाक आज त्याने पिशवीतून आणलं होतं.

ताटलीएवढं चाक, कडेला दोनशे दात. दातात अडकणारी करंगळीएवढी पोलादी खिटी. आणि एक हँडल. हँडल हाताने एकदा ओढलं की खिटी चाकाला एकच दात पुढे ढकलते... टक. एका दाताला दगड इतकाच पुढे सरकतो, की जॉबवरचा, म्हणजे घासायच्या तुकड्यावरचा, एक मायक्रॉन जावा. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो. यावरून काय ते समजावं.

"तुमच्या मशीनच्या हातचाकाने दगड इतका बारीक सरकवायला चाळीस वर्षांचा हात लागतो," अभिनंदन म्हणाला. "माझ्या ह्याला हात लागतच नाही. नुसते दात मोजायचे. शेंबडं पोरही करेल."

चाळीस वर्षांचा हात मिस्त्रींचाच होता. वाक्य लागलं असणार. पण त्यांनी नुसती चाकावरून बोटं फिरवली...

अभिनंदनलाही घमेंड सोडून दुसरा आधार नव्हता. उद्यमनगरात त्याचं चाक बसवून घ्यायला कुणी तयार नव्हतं. जो तो एकच विचारी, "मिस्त्रींनी बसवलं काय?" मिस्त्रींनी हो म्हटलं तर सगळं उद्यमनगर हो म्हणणार होतं. नाही म्हटलं तर सहा महिन्यांची मेहनत पाण्यात, आणि पुन्हा पुण्याची गाडी.

"बसवा तुमच्या मशीनला. एक जॉब करून दाखवतो. बिघडला तर हे चाक पंचगंगेत टाकेन."

"पंचगंगेनं तुझं काय वाकडं केलंय?"

सोमवार होता, उद्यमनगराची सुट्टी. बारीक काम मिस्त्री सोमवारीच काढत. शेजारचा पॉवर प्रेस बंद असतो, त्यामुळे पायाखालची जमीन थरथरत नाही.

मिस्त्री उठले. लेथमागच्या फळीवरून तेलकट कापडात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी दोन्ही हातांनी उचलून आणलं.

"घे. ह्यो तुझा जॉब."

अभिनंदनने कापड सोडलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"मिस्त्री, हे आपल्या लेथचं स्पिंडल आहे."

"व्हय. बेअरिंगची जागा झिजली हुती. ती वेल्डिंगनं भरून आणलीया. मापाला आणायची ऱ्हायलीया."

"आधी एखादा साधा तुकडा द्या की."

"का? दातच मोजायचं हाईत न्हवं? तुकडा काय नि स्पिंडल काय."

स्पिंडल म्हणजे लेथचा कणा, ज्याच्यावर सगळं फिरतं तो दांडा. तो लेथ बनवणारी कंपनी बंद होऊन तीस वर्षं झाली होती. दुसरं स्पिंडल जगात कुठे मिळणार नव्हतं. घासायची जागा मापाच्या खाली गेली की बेअरिंग ढिलं बसणार, आणि लेथ भंगारात जाणार. त्या लेथवर मिस्त्रींचं घर चालत होतं. घासलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही.

अभिनंदनने घाम पुसला. मग त्याने चाक मशीनला बसवलं, स्पिंडल मशीनच्या सरकत्या टेबलावर दोन टोकांत धरलं आणि कामाला लागला.

त्याचा हात चांगला होता, हे सांगायला हवं. दुपारपर्यंत त्याने स्पिंडल मापाच्या अगदी जवळ आणलं. मशीन थांबवलं, जागा पुसली, मायक्रोमीटर लावला.

"आठ मायक्रॉन राहिले," तो म्हणाला.

"मग?"

"मग आठ दात."

त्याने मशीन चालू केलं. स्पिंडल फिरू लागलं, टेबलाच्या दगडासमोरून येरझारा सुरू झाल्या. अभिनंदनने हँडल धरलं.

टक, टक, टक, टक... टक, टक, टक, टक.

दुधाळ पाण्याच्या धारेतून ठिणग्यांचा झुबका उडाला. चार येरझारा झाल्या. अभिनंदनने टेबल बाजूला घेतलं, मशीन थांबवलं आणि ऐटीत मायक्रोमीटर लावला.

ऐट गेली. त्याने पुन्हा लावला.

"काय रं?"

"तीन राहिलेत."

"वढलास किती?"

"आठ."

"गेलं किती?"

"पाच."

"मग तीन कुठं गेलं?"

अभिनंदनचे कान लाल झाले.

"माझे दात खोटे नाहीत, मिस्त्री. एकेक दात तपासलाय मी."

"मी कुठं म्हटलं खोटं हाईत म्हणून?"

"मग तुमचं मशीनच जुनं झालंय. मधल्यामधे कुठेतरी खातंय."

"चाळीस वर्सं उपाशी हुतं, आज बरं खाया लागलं."

अभिनंदनला हसू आलं नाही. त्याच्या डोळ्यांपुढे पुण्याची गाडी उभी होती. त्याने मशीन पुन्हा चालू केलं.

"असू दे. तीन कमी पडले ना? आणखी तीन देतो. विषय संपला."

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. त्याचा हात हँडलवर गेलासुद्धा.

मिस्त्रींनी मध्ये हात घातला. ओरडले नाहीत, ढकललंही नाही. त्यांनी खिटीची पिन काढली, खिटी उचलली आणि आपल्या सदऱ्याच्या खिशात टाकली.

"आता वढ."

अभिनंदनने ओढलं. हँडल नुसतंच मागे-पुढे झालं. टक नाही की काही नाही. चाक होतं तिथेच राहिलं.

"मिस्त्री, खिटीशिवाय दगड पुढे जाणार नाही."

"नगं जाऊ दे."

"मग घासणार कसं?"

"टेबल चालीव."

"अहो, पण दगड सरकल्याशिवाय..."

"टेबल चालीव म्हटलं की!"

अभिनंदनने चिडून टेबल चालू केलं. म्हाताऱ्याला पटवून देण्यापेक्षा करून दाखवणं सोपं, असं त्याच्या मनात आलं असावं. स्पिंडल फिरत दगडासमोरून गेलं.

आणि ठिणग्या उडाल्या.

अभिनंदनने चाकाकडे पाहिलं. एक दातही हलला नव्हता. हँडलकडे पाहिलं. ते लोंबकळत होतं. खिटी मिस्त्रींच्या खिशात होती. आणि दगडाखालून ठिणग्या उडत होत्या.

"ह्या... ह्या कुठून येतायत?"

मिस्त्री स्टूल ओढून बसले होते. डोळे मिटलेले. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

टेबल गेलं, आलं. ठिणग्या थोड्या कमी झाल्या.

गेलं, आलं. दगडाचा आवाज बारीक झाला.

अभिनंदनचा हात दोनदा हँडलकडे गेला आणि दोनदा परत आला. मग त्याने तो सरळ पाठीमागे धरला. आता त्याला फक्त दगडाखालची ती जागा दिसत होती. तिथे चार ठिणग्या. मग दोन. मग येरझारेच्या एका टोकाला एक, तीही जेमतेम...

मग एकही नाही.

नुसता पाण्याचा आवाज. दगड फिरत होता, स्पिंडल फिरत होतं, आणि दोघांचं एकमेकांशी काही घेणं-देणं उरलं नव्हतं.

मिस्त्रींनी डोळे उघडले.

"बघ आता."

अभिनंदनने मशीन थांबवलं. जागा पुसली. त्याने डाव्या टोकाला मायक्रोमीटर लावला, मग मधे, मग उजव्या टोकाला. तिन्हीकडे तेच. बरोबर मापाला. ना वर, ना खाली.

"बसलं! मिस्त्री, मापाला बसलं! आठच्या आठ गेले!"

तो इतक्या जोरात ओरडला की पत्र्यावरची कबुतरं उडाली.

मग एकदम त्याच्या काहीतरी लक्षात आलं आणि त्याने मायक्रोमीटर खाली ठेवला.

"मी आणखी तीन दात ओढणार होतो..."

"हं."

"म्हणजे मघाचे तीन कुठे गेलेच नव्हते. दगडाने स्पिंडल रेटून धरलं होतं, स्पिंडल तेवढंच मागे वाकलं होतं. सुटायला त्याला वेळ हवा होता. वरून आणखी तीन दिले असते, तर सगळे मिळून उतरले असते. तीन मायक्रॉन मापाखाली! लेथ गेला असता तुमचा!"

"इंजिनेर झालास खरं," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी कपाटातून नवं बेअरिंग काढलं, त्याला तेलाचं बोट लावलं आणि ते स्पिंडलवर ठेवलं. तळहाताने दाबलं. बेअरिंग सावकाश सरकत गेलं. कुठे अडलं नाही, कुठे सैल पडलं नाही. जागेवर जाऊन टेकलं तेव्हा एक बारीकसा, भरलेला आवाज झाला.

दोघांनीही तो ऐकला.

मिस्त्री हसले. अभिनंदनने त्यांच्या हाताखाली काढलेल्या दोन वर्षांत त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. समोरचे दोन दात नसलेलं, तोंडभर हसू. अभिनंदनच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने ते लपवलंही नाही.

मिस्त्रींनी खिशातून खिटी काढली, सदऱ्याला पुसली आणि आपल्या हाताने जागेवर बसवली. पिन सरकवली. एकदा हँडल ओढलं.

टक.

त्यांनी कान दिला. पुन्हा ओढलं.

टक.

"ग्वाड वाजतंय," ते म्हणाले. "कुणी शिकवलं तुला असं खिटी घासायला?"

"तुम्हीच की."

"व्हय? मग बराच बरा हाय म्हणायचा मी." त्यांनी पाना त्याच्या हातात दिला. "बोल्ट आवळ. हे आता हितनं हलायचं न्हाई."

अभिनंदनने पाना बोल्टला लावला.

"म्हणजे... बसवलं?"

"आवळ म्हटलं न्हवं? घट्ट आवळ."

चारही बोल्ट त्याने असे आवळले, की मशीन गेलं तरी चाक जाऊ नये. चाळीस वर्षांत मिस्त्रींनी त्या मशीनला दुसऱ्या कुणाचा साधा स्क्रूही लावू दिला नव्हता.

मिस्त्रींनी तोवर सुट्टीमुळे अर्धं ओढलेलं शटर वर लोटलं. समोरच्या चहाच्या टपरीवर सुट्टीचे चार-पाच वर्कशॉपवाले बसले होते. कंपन्या आणि वर्कशॉपं बंद असली तरी त्यांना घरी करमत नाही.

"आरं ए!" मिस्त्री रस्त्याच्या अलीकडूनच ओरडले. "चौगुल्याच्या पोरानं माझ्या मशीनला दात बसवलं! बघायचं असंल तर या! आणि येताना दोन चहा आणा, स्पेशल!"

टपरीवरचे उठले. पाच मिनिटांत ग्राइंडिंग मशीनभोवती गर्दी झाली. कुणी हँडल ओढून पाहिलं, कुणी बेअरिंग फिरवून पाहिलं. काल ज्यांनी अभिनंदनला दारातून परत पाठवलं होतं, तेच आज विचारत होते, "माझ्या मशीनला कधी येतोस? बुधवारी जमंल काय?"

अभिनंदनची छाती दोन इंच फुगली. फुगू द्यावी, कमावलेली होती.

गर्दी पांगली. चहा निवत आला होता. अभिनंदन मशीनजवळच घुटमळत होता. त्याने खिशातून पेन्सिल काढली, चाकाखालच्या पत्र्यावर दोन रेघा ओढल्या.

"इथे पितळेची पट्टी लावतो, मिस्त्री. गिऱ्हाइकाला कळायला हवं. एक दात म्हणजे एक मायक्रॉन, हे कोरतोच. पण दात ओढल्यावर थांबायचं किती? मिनिटं सांगा, नाहीतर येरझारा सांगा. आकडा कोरून टाकतो."

मिस्त्रींनी चहाचा घोट घेतला...

"मघाशी तू किती थांबलास?"

अभिनंदन आठवू लागला. पेन्सिल पत्र्यावर टेकलेली. येरझारा किती झाल्या? मिनिटं किती गेली?

"मोजलंच नाही, मिस्त्री. ठिणग्या संपेपर्यंत थांबलो."

"मग तेवढंच कोर."