मथूच्या भिंतीवरचे जीव

ऐका वळचणीतल्या, गोठ्यातल्या, झाडावरल्या जीवांनो, तुमची कहाणी. नगर आटपाट होतं, आणि त्यात कोष्ट्यांची पेठ होती. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत तिथं मागांची खटखट चाले. त्या पेठेत खंडू कोष्ट्याचं घर. घरात त्याची म्हातारी आई, बायको मथू आणि मथूची धाकटी जाऊ राही. राहीचा नवरा लुगड्यांचे गठ्ठे घेऊन मुलुखभर विकायला गेलेला. खंडू मागावर धोटा मारी, राही सुताच्या कांड्या भरी, म्हातारी काठाचे रंग निवडी. आणि मथू? मथू चूल सांभाळी, नि सगळ्यांवर नजर ठेवी.

मथूचा स्वभाव फार संशयी. दूध तापवलं की भांड्याच्या आतून कोळशाची रेघ ओढी, म्हणजे कुणी प्यायलं तर कळावं. पिठावर बोटांच्या खुणा करून ठेवी, म्हणजे कुणी हात घातला तर कळावं. राहीला विहिरीवर उशीर झाला की तिचा पदर हुंगी, म्हणजे कुठं जाऊन आली ते कळावं. देवापुढच्या समईची ज्योत राहीच्या बाजूला कलली, तरी मथूला वाटे, देवाचंही हिच्याशी काही साटंलोटं असणार. हसू नका गं बायांनो. आपणही डबे उघडून बघतोच.

त्या वर्षी देवीच्या मानाच्या लुगड्याची पाळी खंडूच्या घरी आली. दसऱ्याला देवीला नवं लुगडं नेसवायचं, ते पेठेतल्या एका घरानं विणायचं, अशी रीत. लुगडं अर्धं राहिलं तर ते घर पेठेच्या पंगतीतून उठलं म्हणून समजा. मग खंडूनं माग सजवला. मग राहीनं कांड्या भरायचा रहाट पुढं ओढला. मग म्हातारी रंगांच्या लडी घेऊन बसली. आणि मथूनं पाहिलं, राही सासूच्या कानाशी लागते आहे. सकाळी कुजबुज, दुपारी कुजबुज, कलत्या उन्हात कुजबुज. मथू आत आली की दोघी गप्प. मथूनं मनात म्हटलं, हे माझ्याचविषयी चाललंय. त्यात दुधाची रेघही रोज खाली जाऊ लागली. मथूची झोप उडाली.

श्रावण तोंडावर आला. मथू धुणं घेऊन नदीवर गेली. डोहाच्या कडेला काही बाया बसल्या होत्या. कातळावर गेरू लावला होता, त्यावर तांदळाच्या पिठानं चित्रं काढीत होत्या. कुणी कासव काढलं, कुणी बगळा काढला, कुणी गोगलगाय काढली. त्या होत्या डोहातल्या आसरा, पाण्यातल्या देवता, पण मथूला काय ठाऊक? मथूनं विचारलं,

"बायांनो, बायांनो, हे काय करता?"

"आम्ही जीवांचा वसा वसतो."

"त्यानं काय होतं?"

"फाटत चाललेलं घर सांधतं. आपलं मन आपल्याला दिसतं."

"मग मला सांगा."

"तुला कशाला? ऐकशील, घरी नेशील, नि आपल्या सोयीनं फिरवशील."

"नाही फिरवणार. सांगा."

मग आसरा म्हणाल्या, "श्रावणाच्या पहिल्या दिवशी देवघराजवळची भिंत गेरूनं सारवावी. ज्या दिवशी एखादा जीव मनात राहील, त्या दिवशी तो दिवेलागणीला पिठानं काढावा. त्याच्यापुढं निरांजन धरावं. म्हणावं, बाबा रे, आज तू काय केलंस? मग म्हणावं, आज तुझ्यासारखं मी काय केलं? असेल ते मोठ्यानं सांगावं. पुसू नये, झाकू नये. महिना भरला की घरच्या माणसांना पुरणाचं जेवू घालावं, आणि पहिल्या जीवापासून सगळी भिंत त्यांच्यापुढं वाचावी. उतू नकोस, मातू नकोस, जीवाला दुसऱ्याचं नाव देऊ नकोस."

मथू धुणं डोक्यावर घेऊन निघाली. वाटेत तिच्या मनानं घेतलं. बाया पाण्याकाठच्या, मग पदर कोरडे कसे? आधी आढेवेढे घेतले, मग लगेच वसा सांगून टाकला, तो का? आणि आपलंच मन बघायचं म्हणजे काय? माझं मन मला ठाऊक आहे. खरा वसा दुसऱ्याचं मन दाखवणारा असणार. तो या बायांनी स्वतःपाशी ठेवला, नि मला उलटा करून दिला. मग मथूनं ठरवलं, आपण तो सुलटा करायचा.

श्रावण लागला. मथूनं भिंत सारवली. त्या दिवशी ती दुपारभर माजघराच्या दाराला कान लावून बसली होती, आत काय कुजबुज चालते ते ऐकायला. पायांत एक मांजर घुटमळत होतं, आवाज न करता. संध्याकाळी तिनं मांजर काढलं. निरांजन धरलं. म्हणाली, "चोरपावली फिरतं, दुधावर डोळा ठेवतं. ही राही." वर आढ्यात एक पाल होती, ती चुकचुकली. बोलताना पाल चुकचुकली की बोललेलं खरं, असं आपल्यात म्हणतातच. मथूनं जमिनीवर बोटं वाजवली, 'कृष्ण कृष्ण' म्हटलं, आणि तिची खात्री पटली. मग तिनं राहीला पुढ्यात उभं केलं. "दूध तू पितेस." राही म्हणाली, "जाऊबाई, मी भांड्याला हात लावत नाही." मथू म्हणाली, "भिंतीनं सांगितलं." राही रडली, रहाट कोपऱ्यात सारला, नि माहेरी निघून गेली.

मग कांड्या कोण भरणार? माग अडखळू लागला. म्हातारी म्हणाली, "भाग नको करू गं घराचे, राहीला परत आण." मथूनं तेच बोलणं उचललं, त्याला पदरचं तिखटमीठ लावलं, नि खंडूच्या कानी घातलं, की तुमची आई मला घर फोडणारी म्हणते. त्या दिवशी अंगणात कावळा आला. या दारचा तुकडा उचलून त्या दारी टाकत होता. संध्याकाळी तिनं कावळा काढला. म्हणाली, "इथलं तिथं करतो. या सासूबाई." पाल चुकचुकली. मथूनं बोटं वाजवली. मग सासूला म्हणाली, "भिंतीनं सांगितलं." म्हातारीनं काठी घेतली, भिंतीला हात लावत लावत दार गाठलं, आणि देवीच्या देवळातल्या ओवरीत जाऊन राहिली.

मग रंग कोण निवडणार? खंडू कावला. त्याच्यासमोर मथू म्हणे, "राहीसाठी जीव तुटतो हो माझा," आणि तो बाहेर गेला की शेजारणीपाशी राहीची उणीदुणी काढी. त्या दिवशी कुंपणावर सरडा होता. पानावर हिरवा झाला, मातीवर तांबूस झाला. संध्याकाळी तिनं सरडा काढला. म्हणाली, "आईपाशी एक रंग, माझ्यापाशी दुसरा. हे घरधनी." पाल चुकचुकली. मथूनं बोटं वाजवली. मग खंडूला म्हणाली, "भिंतीनं सांगितलं." खंडूनं धोटा मागावर ठेवला, नि दुसऱ्या आळीत परक्याच्या मागावर मजुरीला गेला.

घर ओस पडलं. लुगडं अर्धं विणून मागावर तसंच राहिलं. मथूनं म्हटलं, बरं झालं, आता दूध तरी पुरेल. तिनं गाय दोहली, दूध तापवलं, रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी पाहते तर धार त्याहून कमी. मथूला वाटलं, राहीनं जाताना गाईला काहीतरी खाऊ घातलं. गवळी आला, गाईच्या पोटावर हात फिरवून म्हणाला, "बाई, गाय गाभण आहे. आटत चाललीय. महिनाभर तेच चाललं असेल." मथूनं त्याच्याकडेही डोळे बारीक करून पाहिलं. पण त्या दिवशी दुधाच्या भांड्यात रेघ ओढली नाही.

दिवेलागण झाली. मथू भिंतीपाशी आली. मांजर नि कावळ्याच्या मधे पाल बसली होती. मथूनं तीच काढली. निरांजन धरलं. म्हणाली, "पाली, आज तू काय केलंस? अंधारात बसलीस, आणि कुणी काही बोललं की चुकचुकलीस." आता नाव कुणाचं घालायचं? तिनं मागं पाहिलं. माजघरात कुणी नव्हतं. मागावर कुणी नव्हतं. ओट्यावर कुणी नव्हतं. मग तिच्या तोंडून निघालं, "ही मी." पाल चुकचुकली नाही. मथूनं वाट पाहिली. पाल गप्प होती, आणि तरी मथूला कळलं की हे खरं आहे. ती भिंतीशी बसली नि पोटभर रडली.

मग उठली. मांजरापुढं दिवा धरला, म्हणाली, "दाराला कान मी लावला." कावळ्यापुढं दिवा धरला, म्हणाली, "इथलं तिथं मी केलं." सरड्यापुढं दिवा धरला, म्हणाली, "दोन रंग माझे होते." बोलताना तिला फार लाज वाटली.

श्रावण सरत आला. उद्यापन करायचं, तर माणसं हवीत. मग मथू खंडूकडे गेली. म्हणाली, "घरी जेवायला चला." खंडू म्हणाला, "आता मी कोण? साप की विंचू?" मथू म्हणाली, "तुम्ही कुणी नाही. भिंत माझी आहे." खंडू म्हणाला, "जेवायला येईन. राहायचं बघू."

मग मथू देवळात गेली. म्हणाली, "आत्याबाई, घरी जेवायला चला." म्हातारी म्हणाली, "जेवणात काय घातलंस?" मथू म्हणाली, "पुरण घालणार आहे." म्हातारी म्हणाली, "खंडू जेवला की मी जेवेन."

मग मथू राहीच्या माहेरी गेली. राहीनं दार अर्धंच उघडलं. "माझ्यापाशी काय उरलंय ते तपासायला आलात का?" मथू म्हणाली, "तुझ्यापुढं भिंत वाचायची आहे. तू नसलीस तर वसा पुरा होत नाही." राहीचा भाऊ आतून म्हणाला, "जाऊ नकोस. हिच्या बोलावण्यात काहीतरी डाव असणार." राही विचार करून म्हणाली, "येते. पण दादा, तू गाडी घेऊन चल. गाडी दारातच उभी कर, नि बैल सोडू नकोस."

जेवणाचा दिवस आला. पानं मांडली, पुरणपोळ्या वाढल्या. खंडूनं घास हुंगला. म्हातारीनं पान पुढं सरकवलं. राही तर उंबऱ्यातच बसली, एक पाय आत, एक पाय बाहेर. बाहेर बैलांच्या घंटा वाजत होत्या. कुणी जेवेना. मग मथूनं आधी भिंत वाचायला घेतली. "हे मांजर, ही मी. दूध कुणी प्यायलं नव्हतं, गाय आटत होती, आणि मी राहीला चोर म्हटलं. हा कावळा, ही मी. आत्याबाईंचं साधं बोलणं मी विष करून लेकाच्या कानात ओतलं. हा सरडा, ही मी. ही पाल, ही मी."

राही म्हणाली, "आज हे, उद्या दुसरं. कुणी भरवसा धरावा?"

तेवढ्यात म्हातारी उठली. चाचपत भिंतीपाशी गेली. पिठाच्या रेघांवरून बोटं फिरवू लागली. "हे मांजर ना? शेपूट फार लांब काढलंस. आणि हा कावळा कुठं आहे?" कावळा तिच्या नाकासमोर होता.

"आत्याबाई, तुम्हाला दिसत नाही?"

"चैत्रापासून अंधुक झालं, आता उजेड तेवढा कळतो. राही कानात रंग सांगे, मी लडी काढून देई. काठ चुकू नये म्हणून."

"मला का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"तुझी," म्हातारी म्हणाली. "तू म्हणाली असतीस, म्हातारी कामाला नको म्हणून सोंग करते."

मथूला ते शब्द फार लागले, कारण ती अगदी तेच म्हणाली असती. तिनं सासूचा हात धरला, मागापाशी नेलं, बसवलं. रंगांच्या लडी तिच्या मांडीवर ठेवल्या. म्हणाली, "आत्याबाई, माग खोळंबलाय. आजपासून रंग मी सांगते. मला सगळे ओळखू येत नाहीत. चुकले तर राहीनं सांगावं, राही असली तर."

राही उठली, दाराकडे वळली. मथूला वाटलं, चालली. तिनं अडवलं नाही, मागं जाऊन पाहिलंही नाही. लडीवर मान खाली घालून बसली. ओट्यावरून राहीची हाक ऐकू आली,

"दादा, बैल सोड."

मग सगळी जेवली. मग कांड्या भरल्या, धोटा फिरला, नि दसऱ्याला देवी नवं लुगडं नेसली.

जसं मथूला तिचं मन दिसलं, तसं तुम्हां आम्हां दिसो, आणि घर ओस पडायच्या आधी दिसो. पुष्कळ बोलांची ही कहाणी थोडक्या बोलांत सांगितली, ऐकणारीच्या पदरी फळ घालून इथं संपूर्ण झाली.