भट्टीपर्यंतची सतरा पावले

पूर्वी गोदाकाठच्या एका नगरात सुतनू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व कुंभारकुळात जन्मला आणि पुढे कुंभारआळीचा मुखिया झाला. त्याच्याकडे सोणिका नावाची आंधळी बाई कामाला होती. भट्टीतून निघालेले भांडे ती बोटाने वाजवून पाही. खणखणीत वाजले तर पक्के, बद्द वाजले तर तडकलेले. डोळसांना न दिसणारा तडा तिला कानाने कळे.

एकदा राजवाड्यातून शंभर रांजणांची मागणी आली. नेमकी त्याच आठवड्यात सोणिका तीनदा कच्च्या मडक्यांवर पडली. भद्रक नावाचा कारागीर म्हणाला, "मुखिया, हिला अन्नछत्रात धाडा. बिचारी सुखाने बसून खाईल."

"बसून खायला मी पाहुणी आहे का?" सोणिका म्हणाली. या कामाखेरीज तिचे स्वतःचे असे काहीच नव्हते.

कामाची घाई होती. तिला धाडणेच सोयीचे होते. पण बोधिसत्त्वाने विचारले, "सोणिके, आधी तू पडत नव्हतीस. आता काय झालं?"

हे तिला कोणी विचारलेच नव्हते. "चाकापासून भट्टीपर्यंत माझी सतरा पावलं, मुखिया. मध्ये जुना रांजण लागतो, त्याला हात लावून मी वळते. आता तो सापडतच नाही."

भद्रक ओशाळला. सोणिकेला अडचण नको म्हणून तोच रोज सामान हलवी, आणि ती अडखळली की मुकाट्याने दंड धरून ओढी. करायला गेला एक आणि झाले भलतेच!

बोधिसत्त्व म्हणाला, "आधी तिला विचारावं, भद्रका. वस्तू जागच्या जागी ठेव. हलवलीस तर सांग. जवळ जाताना आपलं नाव घे. ओढू नकोस, कोपर पुढे कर. धरायचं की नाही, ते ती ठरवेल."

रांजण जागेवर आला आणि सोणिका पुन्हा पडली नाही. राजवाड्याचे रांजण वाजवून पाहताना तिने भद्रकाचाच सर्वांत देखणा रांजण बाजूला काढला. त्याने हट्टाने त्यात पाणी भरले, तर धार त्याच्याच पायावर आली. सगळी आळी हसली, सोणिका सर्वांत मोठ्याने.

भिक्खूंच्या सभेत ही कथा संपवून भगवान म्हणाले, "तेव्हाची सोणिका म्हणजे समोर बसलेले हे वृद्ध, अंध स्थविर. मुखिया मी होतो. आणि भद्रक..."

सकाळी स्थविरांना हाताला धरून ओढत सभेत आणणारा भिक्खू उठला. स्थविरांजवळ जाऊन त्याने आधी आपले नाव सांगितले, मग कोपर पुढे केले आणि तो थांबून राहिला.

स्थविरांनी हसून ते धरले.

"हीच मैत्री पारमिता, मैत्रीची परिपूर्णता," भगवान म्हणाले.